रिकामी वाटी

आमच्या आईचा एक नियम होता. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली की ती वाटी परत जाताना नुसती साखर घेऊन जायची नाही. वर दोन आमसुलं, एखादी कैरीची फोड, काहीच नसलं तर अंगणातल्या तुळशीच्या चार मंजिऱ्या. आणि वाटी रिकामी परत करणं हे तर पापच. घेण्यादेण्याची तिची एक वही होती. डाव्या पानावर घेतलेलं, उजव्या पानावर फेडलेलं. 'समोरच्या काकू, रॉकेल अर्धा लिटर.' 'तळमजल्याच्या वहिनी, ज्वारीचं पीठ.' फेडलं की आडवी रेघ. आई गेल्यावर ती वही मी चाळली, तेव्हा एकही ओळ रेघेवाचून राहिलेली दिसली नाही. मला मात्र ठाऊक होतं की आमच्या घरावरची सगळ्यात मोठी उधारी त्या वहीत चढलेलीच नव्हती. ज्यांची होती त्यांना आमचं नावही माहीत नव्हतं.

1957 साली गोरेगाव मुंबई महापालिकेत आलं. तोवर इथे ग्रामपंचायत होती. माझा जन्म त्याच वर्षीचा. त्यामुळे 'गोरेगाव आणि ही, दोघंही एकदम मुंबईकर झाली,' असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. मुंबईकर झालो ते कागदावर. नळ कागदातून बाहेर आला नव्हता. पश्चिमेला स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, तीन डोंगरीच्या बाजूला आमची चाळ. चाळीच्या विहिरीचं पाणी मचूळ, डाळ शिजायची नाही. पिण्याचं पाणी नाक्यावरच्या सार्वजनिक नळावरून. पाणी पहाटे यायचं, पण नंबर रात्रीच लागायचा. माणसं नव्हे, भांडी रांगेत उभी असायची. डालडाचे डबे, घागरी, तळाला डांबर लावलेली बादली, आणि ज्यांच्याकडे जास्तीचं भांडं नाही त्यांची वीट. विटेवर कोळशाने खूण. आमच्या आईची खूण म्हणजे पितळी कळशीच्या कानाला बांधलेली लाल चिंधी. पहाटे साडेतीनला ती उठायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, कमरेवर कळशी. मी मागून छोटी बादली घेऊन. माझी बादली घरी पोचेपर्यंत अर्धी व्हायची आणि आई त्यावरून कधी रागवायची नाही, हे आता नवलाचं वाटतं.

विहार तलाव आमच्यापासून फार लांब नाही, आरेच्या टेकड्या ओलांडल्या की आलाच. 1860 साली मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते याच तलावातून. म्हणजे शंभर वर्षं आमच्या उशापासून पाणी शहराकडे जात होतं आणि आम्ही विटांवर कोळशाच्या खुणा करत होतो. घाटकोपरला माझी आत्या राहायची. तिच्या घरामागून पाण्याचा मोठा काळा पाइप गेलेला. सुटीत आम्ही भावंडं त्यावर घोडा-घोडा खेळायचो. पाइपाला कान लावला की आत पाणी धावल्यासारखा आवाज यायचा. आत्याच्या घरात मात्र नळ नव्हता.

तर अशा गोरेगावात 1948 साली लग्न होऊन मृणाल मोहिले मृणाल गोरे झाल्या. वहीत न चढलेली ती उधारी यांचीच. डॉक्टर होण्याचं शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या राष्ट्र सेवा दलात आल्या होत्या. नवरा केशव, सगळे त्यांना बंडू गोरे म्हणत, तेही सेवा दलाचे, समाजवादी. आमच्या चाळीत त्यांचं नाव 'गोरेबाई'. 'मृणालताई' हे पुढचं, वर्तमानपत्रातलं. पन्नाशीच्या दशकात या गोरेबाई आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी गोरेगावात कुटुंबनियोजनाचं काम सुरू केलं. घरोघर जाऊन बायकांशी बोलायचं. कशाबद्दल, ते पुरुषांदेखत उच्चारायची सोय नव्हती. आमच्या चाळीत बहुतेक बिऱ्हाडांत सहा-सात पोरं. आम्ही दोघंच, दादा आणि मी. मला वाटायचं, देवाने एवढीच दिली. माझं लग्न ठरलं तेव्हा आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, 'तुझी आई गोरेबाईंच्या कुटुंबनियोजन केंद्रात जायची, तुझ्या आजीपासून लपवून. पाण्याला जाते म्हणून सांगायची आणि मी माहेरी असले की हंडा माझ्याजवळ ठेवून तिकडे जायची.' मी मॅट्रिकच्या पुढे शिकले, बँकेत लागले, पोरगी असून माझी फी भरली गेली. घरात सात तोंडं असती तर कोणाची फी आधी थांबली असती, हे सांगायला ज्योतिषी नको.

1958 साली बंडू गोरे गेले. मृणालताई तेव्हा जेमतेम तिशीच्या, पदरात लहान मुलगी. त्या काळात अशा बाईने काय करायचं याचा नकाशा समाजाने आखून ठेवलेला होता. त्यांनी तो उघडलाच नाही. नवऱ्याच्या नावाने केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला. आरे रोडवरच्या त्याच्या वास्तूत मी पुढे कितीतरी व्याख्यानं ऐकली. आणि 1961 साली त्या प्रजा समाजवादी पक्षाच्या उमेदवार म्हणून गोरेगावातून महापालिकेवर निवडून गेल्या.

मग पाणी. त्यांच्या पाण्याच्या लढ्यावर खूप लिहिलं गेलंय, त्यातला पराक्रम मला सांगायचा नाही. मला दिसला तो त्यातला चिवट भाग. मोर्चा एक दिवसाचा असतो, अर्ज वर्षभराचा. कुठल्या गल्लीत केवढ्या व्यासाचा पाइप आहे, व्हॉल्व्ह कोण फिरवतो, तो किती वाजता फिरवला जातो, कुठल्या वस्तीला 'अनधिकृत' म्हणून पाणी नाकारलं जातंय, हे ज्या बाईला पाठ असतं तिच्यापुढे अधिकाऱ्याला थाप मारता येत नाही. झोपडी कायदेशीर आहे की नाही हा वाद नंतर घाला, तिथे राहणाऱ्याला तहान कायदेशीरच लागते, असा त्या लढ्याचा साधा अर्थ होता. बायका रिकामे हंडे घेऊन कचेरीवर गेल्या. आमची आईही गेली, लाल चिंधी बांधलेली कळशी घेऊन. आमच्या चाळीत नळ आला तो दिवस मला आठवत नाही, आठवते ती नंतरची एक पहाट. मला जाग आली आणि आई शेजारी झोपलेली होती. उजाडलं होतं आणि आई झोपलेली होती! मला वाटलं, तिला ताप आलाय. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

'पाणीवाली बाई' हे नाव गोरेगावाने दिलं. आज ते वाचताना गोड वाटतं. तेव्हा त्यात थोडी खोच पण होती, हे विसरू नये. शिकलेल्या, बंगल्यांत राहणाऱ्या लोकांच्या तोंडी ते 'भांडीवाली बाई'सारखं यायचं. मृणालताईंनी ते पदवीसारखं मिरवलं नाही आणि झटकलंही नाही.

1972 साली त्या विधानसभेवर गेल्या. तेच वर्ष दुष्काळाचं. रॉकेल नाही, तेल नाही, साखर रेशनवर चिमूटभर, रवा तर औषधाला मिळेना. सप्टेंबरात महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. समाजवादी मृणालताई, प्रमिला दंडवते, कमल देसाई, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी. या पक्षांचे पुरुष एका सतरंजीवर बसले की दुसऱ्याच मिनिटाला भांडायचे, पण बायकांना डबे रिकामे दिसत होते. ठरल्या वेळी घरोघर थाळ्या वाजायच्या. मी तेव्हा पंधरा वर्षांची, आमच्या गॅलरीत उभी राहून स्टीलचं ताट उलथन्याने बडवायचे. ताटाला पडलेला पोचा शेवटपर्यंत गेला नाही, ते ताट पुढे दादाच्याच वाट्याला यायचं आणि तो कुरकुरायचा.

आणि लाटणे मोर्चा. आई आदल्या रात्री बाबांना म्हणाली, 'अहो, उद्या दुपारी पोळ्या नाहीत. लाटणं मी घेऊन जातेय.' बाबा काही बोलले नाहीत. ते कारखान्यात फिटर, युनियनचे वर्गणीदार, मोर्चा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं, पण लाटणं घेऊन मोर्चा हे त्यांच्या युनियनला सुचलं नव्हतं. कापडी पिशवीत लाटणं घालून, नऊवारी घट्ट खोचून आई गोरेगावहून चर्चगेटला गेली. लोकलने फोर्टात जायची तिची ती बहुधा दुसरी किंवा तिसरी वेळ. संध्याकाळी परतली ती घसा बसवून. बाबांनी भात लावून ठेवला होता. आयुष्यात त्यांनी लावलेला तो पहिला भात, करपलेला. आईने तो पानात वाढून घेतला आणि म्हणाली, 'बरा झालाय की.' त्या मोर्च्याने किती स्वस्ताई झाली याचा हिशोब अर्थशास्त्र्यांनी मांडावा. आमच्या घरात त्यानंतर आठवड्यातून एकदा बाबा भात लावू लागले.

आणीबाणीत चाळीत गोरेबाईंचं नाव हळू आवाजात घेतलं जायचं. काही महिने त्या भूमिगत होत्या, मग पकडल्या गेल्या. आईने त्या दिवसांत त्यांच्याबद्दल काही बोललेलं मला आठवत नाही. ती फक्त रोज रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळी हातातलं काम थांबवायची, बातम्या संपल्या की पुन्हा सुरू. 1977च्या मार्चमध्ये निवडणूक लागली आणि त्या उत्तर मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या. मी पदवीच्या वर्गात, प्रचारात पत्रकं वाटून पायाचे तुकडे पाडून घेतले, पण मत देता आलं नाही. मतदानाचं वय तेव्हा 21 होतं, मी 20ची. आईने माझ्या वाटचंही मत आपणच दिल्याच्या थाटात बोटावरची शाई आठवडाभर सांभाळली. निकालानंतर 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा इथल्या पोरासोरांच्या तोंडी झाली. इंदिराबाई रायबरेलीत हरल्या होत्या.

यानंतरचं मला आजही पुरतं पचलेलं नाही. पंतप्रधान मोरारजीभाईंनी मृणालताईंना आरोग्यमंत्रिपद देऊ केलं आणि त्यांनी ते नाकारलं. संघटनेचं, लोकांतलं काम करायचं म्हणून. आमच्या घरात त्यावरून जुंपली. दादा उसळला, 'हे काय! इतकी वर्षं हंडे वाजवले ते कशाला? खुर्ची मिळतेय तर घ्यायची आणि देशभर नळ लावायचे.' मी दादाच्या बाजूची. अजूनही आहे. अर्धे आजार घाण पाण्याचे असतात, हे ज्या बाईला आमच्या नाक्यावर कळलं होतं, ती आरोग्य खात्यात बसली असती तर काहीतरी वेगळं घडलं असतं, असं मला वाटतं. आता कोणी म्हणेल, जनता सरकार 1979च्या जुलैत गडगडलंच, मंत्रिपद घेऊन दोन वर्षांत काय केलं असतं? सरकार पडणार हे आपल्याला आज माहीत आहे, तेव्हा त्यांना नव्हतं. आई ताटं मांडता मांडता एवढंच म्हणाली, 'मंत्र्याकडे जायला चिठ्ठी लागते. गोरेबाईंकडे मी हंडा घेऊन गेले होते.' हा काही युक्तिवाद नव्हे. पण दादाला आणि मला त्यावर उत्तर सुचलं नाही, हेही खरं.

ही भांडणं माझी धाकटी मुलगी आता वेलिंग्टनहून माझ्याशी फोनवर पुन्हा उकरून काढते. तिथे फेटू टिरिकाटेने-सलिवन नावाच्या एक माओरी बाई होऊन गेल्या. वडील गेल्यावर त्यांच्या जागी 1967 साली संसदेत आल्या आणि 1972 साली मंत्री झाल्या, माओरी बायकांतल्या पहिल्या. मृणालताई विधानसभेत गेल्या तेच हे वर्ष. संसदेत तब्बल 29 वर्षं. माओरी नक्षीचे कपडे घालून त्या सभागृहात जायच्या, म्हणजे आमचे कोण, हे बोलण्याआधीच दिसायचं. मुलीचं म्हणणं, 'खुर्ची सोडली म्हणजे थोर आणि धरली म्हणजे हावरी, असं काही नसतं गं आई. ज्यांच्या माणसांना त्या खुर्चीवर कधी कोणी बसूच दिलं नाही, त्यांनी ती सोडायची म्हणजे काय?' पटतं मला. आणि हे मला शिकवणारी ही मुलगी जगात आहे, त्यातही पुन्हा मृणालताई आहेतच.

1987ची गोष्ट. पहिली मुलगी होती, दुसऱ्या वेळी दिवस राहिले. सासरच्यांनी उघड काही म्हटलं नाही, कोणीतरी एक पत्ता लिहिलेला कागद माझ्या पर्समध्ये ठेवला. एका दवाखान्याचा. 'सगळेच करतात, नुसती टेस्ट असते.' आमचे हे वाईट नव्हेत, पण गप्प बसणारे, आणि अशा वेळी गप्प बसण्याइतकं वाईट काही नसतं. त्या सुमारास मृणालताई विधानसभेत गर्भलिंगतपासणीवर बंदी आणण्यासाठी विधेयक घेऊन लढत होत्या. वर्तमानपत्रांत रोज काहीतरी यायचं. बायकांच्या संघटना रस्त्यावर होत्या. त्या बातम्या नसत्या तर माझ्या मनात जे होतं त्याला शब्द सापडले असते की नाही, कोण जाणे. मी तो कागद परत देताना म्हटलं, 'यावर कायदा येतोय, माहितीये ना?' आला नव्हता अजून. 1988 साली आला, देशातला पहिला. केंद्राचा यायला 1994 उजाडलं. माझी मुलगी 1988च्या पावसाळ्यात झाली. आई बाळंतपणाला आली तेव्हा मी तिला तो कागद सांगितला. तिने बाळाची टाळू चोळायचं थांबवलं नाही. 'गोरेबाईंचं बरं लक्ष असतं,' म्हणाली.

घराचंही तेच. चाळ पडायला आली तेव्हा दादाची नोकरी बेताची, बाबा निवृत्त. गोरेगावात घर घेणं म्हणजे चंद्रावर घर. कमाल नागरी जमीन धारणा कायदा 1976चा. त्याखाली जादा ठरलेली जमीन सरकारने घ्यायची आणि गरिबांना घरं द्यायची, असं कायदा म्हणत होता. प्रत्यक्षात मालक सवलती मिळवून ती राखून ठेवत. मृणालताई, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सोबत्यांनी नागरी निवारा परिषद काढली आणि सरकारला विचारलं, कायद्यातली घरं कुठे आहेत? कोर्टकचेऱ्या, धरणी, अर्जांच्या थप्प्या. दादा त्या अर्जांच्या रांगेत उभा राहिलेला. वर्षानुवर्षं. वहिनी त्याला हसायची. नव्वदीच्या दशकात पूर्वेला दिंडोशीजवळ, 62 एकरांवर, सहा हजारांच्या आसपास घरं उभी राहिली, त्यातलं एक त्याचं. आई पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा तिने बाकी काही पाहिलं नाही. थेट मोरीत गेली, नळ सोडला, बंद केला. पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. आज त्याच वसाहतीत सोसायटीच्या सभेत 'त्या बाईंनी काय केलं, पैसे तर आपणच भरले' असं म्हणणारे आहेत. दादा त्यांच्याशी आता भांडत नाही, नुसता उठून जातो. एस. व्ही. रोडवरून निघणाऱ्या उड्डाणपुलाला मृणालताईंचं नाव दिलंय. रिक्षावाले विचारतात, 'ब्रिजवरून घेऊ की खालून?'

17 जुलै 2012 रोजी वसईला त्या गेल्या. आई त्याच्या आधीच गेली होती.

एकदा मात्र मी वाटी परत द्यायला निघाले होते. आई तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघ्यांनी बसवलेली. केशव गोरे स्मारकात काहीतरी कार्यक्रम आहे आणि मृणालताई येणार आहेत, हे तिने वर्तमानपत्रात वाचलं. मला फोन करून बोलावून घेतलं. रव्याचे लाडू केले होते तिने, खुर्चीत बसून, वहिनीकडून रवा भाजून घेऊन. बहात्तर साली जो मिळत नव्हता तो रवा. स्टीलचा डबा, वर फडकं बांधलेलं. 'नाव सांगायची गरज नाही,' म्हणाली. 'तीन डोंगरीच्या बाजूच्या चाळीतून आलेय, एवढं सांग.'

कार्यक्रम संपला. त्या पुढच्या रांगेत बसलेल्या, थकलेल्या, पांढरे केस. मी डबा धरून पुढे झाले. पण त्यांच्याभोवती आधीच बायका होत्या. एकीच्या हातात रेशनकार्ड, एकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला अर्ज, एक तरुण पोरगी नुसतीच रडत होती. मृणालताई त्या पोरीकडे वाकून ऐकत होत्या, कानामागे हात धरून. मी थोडा वेळ थांबले. रांग पुढे सरकत नव्हती, मागून आणखी दोघी आल्या. त्यांच्या हातातही कागद. माझ्या हातात लाडू. मला एकाएकी कसंसंच झालं. त्या रांगेत डबा घेऊन उभं राहणं म्हणजे कोणाच्या तरी भांड्याच्या पुढे आपली वीट सरकवण्यासारखं वाटलं. मी मागच्या मागे वळले आणि स्टेशनकडे चालू लागले.

दादाकडे पोचले तेव्हा आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. डबा जड दिसल्यावर तिने फडकं सोडलं, झाकण उघडलं, लाडू मोजले. मोजून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, रेशनकार्ड, अर्ज, ती रडणारी पोरगी.

'किती बायका होत्या?' तिने विचारलं.

'सात-आठ असतील.'

'मग त्यांना का नाही वाटलेस?'